अनसूयेची सवत

फाल्गुनातली संध्याकाळ. शेंदरी, संथ, गंधमंथर. पश्चिमसागरावर सोनरस सांडला होता आणि किनाऱ्यावरचे उन्नत, उन्मन माड वाऱ्याशी कुजबुजत उभे होते.

त्या माडांवर दाजी मयेकर रोज दोनदा चढे. सकाळी फुलोऱ्याला छेद देऊन गाडगं बांधायचं, संध्याकाळी भरलेलं उतरवायचं. दिवसभराच्या उन्हात गोड रस आंबायचा, फेसाळायचा, त्याची माडी व्हायची. वीस वर्षं हेच.

आणि वीस वर्षं त्याची बायको अनसूया त्या माडीवर जळत होती. सवत ती सवतच, मग ती मातीच्या गाडग्यात का राहीना!

कारण काय, तर दिवसा हा माणूस मुखस्तंभ. "जेवण वाढ गो," एवढंच. पण पहिला पेला पोटात गेला, की अंगातला शीण ओसरे, आखडलेली पाठ सैल होई, जीभ मोकळी होई. दुसऱ्या पेल्याला तो गाई, "माजी अनू, चंद्राची कोर" म्हणे. तिसऱ्याला डोळे तांबारत, शब्द अडखळत. चौथ्याला स्वारी अंगणातच आडवी. माणसं का पितात, हे अनसूयेला पक्कं कळलं होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की ते लाडाचं बोलणं त्याचं, की त्या मेलीचं?

त्या सकाळी तिने गाडगी धुतली आणि आतून चुना फासला. चुन्याने रस आंबत नाही, नीरा गोडच राहते; माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या घरात हे कुणी शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी दाजी उतरला. पेला ओठाला लावला आणि थबकला.

"चुनो कोणी लायलो?"

"मीच. आज शुदीत बोला माज्यावांगडा. एकदा तरी."

दाजीने पेला वाळूत टेकवला आणि मान खाली घातली. मग म्हणाला, "शुदीत तुज्याकडे बघूक माका भ्याव वाटता."

अनसूयेच्या काळजात कळ उठली. त्या सटवीच्या संगतीत हा राजा, आणि लग्नाच्या बायकोपुढे भित्रा!

पण त्याने मान वर केली. भीत भीत, तिच्या पिकल्या केसांवरून, ओढलेल्या चेहऱ्यावरून त्याची नजर खाली उतरली आणि पावलांशी थांबली.

"पाय सुजलेत गो तुजे. कदीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून रोज संध्याकाळी तो तिला चंद्राची कोर म्हणत होता.

"बस," तो म्हणाला. ती बसली. उद्या तो पुन्हा पिणार, हे तिला ठाऊक होतं. तिचा जळफळाटही उद्या पुन्हा जागा होणार होता. पण ही नजर कुणा सवतीने दिलेली नव्हती. ही तिची होती, एकटीची.

दाजीने खरबरीत हातांनी तिचं एक पाऊल मांडीवर घेतलं. आरक्त उजेड वाळूवरून सरला, त्यांच्या माथ्यांवरून सरला, माडांच्या शेंड्यांवर क्षणभर थरथरला, आणि मावळला.