कानात सांगितलेलं नाव

धाकटी चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. एकदा तिच्या ताईने वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून "धाकटी आहे का?" असं विचारलं आणि फोन नेमका संपादकांनी उचलला. त्या दिवसापासून ती कचेरीतही धाकटीच झाली. संपादकांनी तिला शिकाऊ असताना घेतलं होतं, तिची पहिली बातमी सात वेळा फाडली होती आणि आठव्या वेळी पहिल्या पानावर लावली होती. वडील गेल्यावर तिला ओरडायला एवढा एकच माणूस उरला होता, आणि तो तिला हवाही होता.

त्या कचेरीत एक रीत होती. आपलं नाव न देता कुणी बातमी दिली, तर त्याचं नाव बातमीदाराने फक्त संपादकांच्या कानात सांगायचं. कागदावर नाही, फोनवर नाही. जुन्या अंकांच्या खोलीत जायचं, दार लोटायचं, संपादक मान कलती करून ऐकणार, "बरं" म्हणणार, संपलं. एकवीस वर्षांत धाकटीने तिथे किती नावं सांगितली याची गणती नव्हती. एकही फुटलं नाही. अशाच एका नावापायी संपादक चार महिने तुरुंगात बसून आले, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

तर या वेळची बातमी आणली होती भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. मतदारयाद्यांच्या कार्यालयातला हा कारकून इतका भित्रा, की घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचा आणि जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. सरकारविरुद्ध तो जांभईसुद्धा देणार नाही, असं धाकटी त्याला चिडवायची. पण एके दिवशी त्याच्या खिडकीशी एक निवृत्त शिक्षिका येऊन उभ्या राहिल्या. यादीत त्यांच्या नावापुढे 'मयत' असं लिहिलेलं होतं. मी जिवंत आहे, असं त्या परोपरीने सांगत होत्या, आणि ते लिहून घ्यायला भावोजींच्या अर्जात रकाना नव्हता. त्या गेल्यावर भावोजींनी सहज यादी चाळली. ज्या तीन वस्त्यांनी मागच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला पाडलं होतं, त्यांतली चार हजारांवर माणसं एका महिन्यात मेली होती. शेजारच्या वस्त्यांत मात्र सगळे ठणठणीत.

महिनाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग एका रविवारी दुपारी त्यांनी वरून आलेल्या आदेशाची प्रत आणि याद्या धाकटीच्या हातात दिल्या.

"कुणालाही सांगायचं नाही," ते म्हणाले. "कुणालाही म्हणजे कुणालाही."

"भावोजी, माझ्या गळ्याची शपथ," धाकटी म्हणाली. सोमवारी सकाळी तिने नाव संपादकांच्या कानात सांगितलं. ते ऐकून त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि "बरं" म्हणाले.

बातमी चौथ्या दिवशी आली. आठ कॉलमी मथळा! गेली दोन वर्षं एकेक वर्तमानपत्र शेपूट घालत असताना हे छापणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं होतं. दहाच्या आत अंक संपले. धाकटी कचेरीत शिरली तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, तिच्यासाठी आणि त्याहून जास्त संपादकांसाठी. त्यांनी हात हलवून सगळ्यांना बसवलं आणि ते आपल्या खोलीत गेले. हसले मात्र नाहीत. दमले असतील, असं धाकटीला वाटलं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "यांना पहाटेच घेऊन गेले गं, माझा फोन आत्ता परत मिळाला. चहा अर्धा ठेवून गेले. दोन गाड्या होत्या."

धाकटी धावतच संपादकांच्या खोलीत गेली. वकिलांना फोन लावा, बाकीच्या संपादकांना लावा, उद्याच्या अंकात भावोजींच्या अटकेची बातमी घ्या, असं ती एका दमात बोलत सुटली. संपादक टेबलावरचं पेपरवेट इकडून तिकडे सरकवत होते.

"बस आधी," ते म्हणाले. "तुझ्या भावोजींना काही होणार नाही. तसा शब्द दिलाय त्यांनी मला."

"कुणी?"

पेपरवेट थांबलं. सत्तरीचा माणूस, पण शाळेत चोरी पकडली गेल्यासारखा दिसू लागला.

"मंगळवारी सरकारची माणसं आली होती," संपादक म्हणाले. "बातमीचा वास त्यांना लागलाच होता. छापखान्याला सील ठोकायचा कागद तयार करून आणला होता, तारीख तेवढी घालायची. ऐंशी घरं चालतात या कचेरीवर, धाकटे. ते म्हणाले, खुशाल छापा, आम्ही अडवणार नाही. फक्त माणूस सांगा. मी म्हटलं, निदान बातमी तरी लोकांपर्यंत जाईल."

"आणि तुम्ही सांगितलं."

"चौकशी करून सोडतील म्हणाले."

केसाने गळा कापणं हे शब्द तिने मथळ्यांत किती वेळा वापरले होते, आणि आज धाकटीला कळलं की त्यात दुखतं ते फार उशिरा. आधी नुसता अचंबाच वाटतो. याच माणसाने एका परक्या नावासाठी चार महिने कोठडीत काढले होते. मग तिच्याच माणसाच्या वेळी याला काय झालं? तिने तेच विचारलं.

"तेव्हा मी एकटाच आत जात होतो," ते म्हणाले. "ते सोपं होतं."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर भावोजी दिसू लागले. अंगावर घरातलाच शर्ट, केस कुणीतरी विंचरून दिलेले. याद्या आणि आदेश आपणच बनावट तयार केले, वर्तमानपत्राला फसवलं, असं ते कागदावरून वाचत होते. मध्ये एका शब्दाला अडखळले तर तेवढं वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भावोजींचा स्वभावच तसा नेटका. नंतर निवेदिकेने हसतमुखाने सांगितलं की बातमी छापू दिली यावरूनच देशात किती मोकळीक आहे ते दिसतं.

संपादकांचा चेहरा पांढराफटक पडला. बातमी जगवायला त्यांनी माणूस दिला होता, आणि त्याच माणसाच्या तोंडून ती मारून घेतली गेली. "हे मला माहीत नव्हतं," ते पुटपुटले. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ताईच्या घरी दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत कपाटातले कपडे जमिनीवर पडले होते आणि ताई एकेकाची घडी घालत बसली होती. धाकटी तिच्यापाशी बसली आणि तिचा बांध फुटला. "सरांनी फसवलं गं मला. बापाच्या जागी मानलं होतं त्यांना."

ताईने घडी पुरी केली. "त्यांना कसं कळलं यांचं नाव?"

"मी सांगितलं होतं."

"तू तर शपथ घेतली होतीस. मी इथेच होते, चहा गाळत."

"अगं, पण संपादकांना सांगावंच लागतं. आमच्यात ते सांगितलं असं धरतच नाहीत. संपादक म्हणजे..."

"संपादक म्हणजे कुणी नाही का?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न धाकटीला कुणी विचारला नव्हता. शपथ घेताना ती खोटं बोलली नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. त्या रविवारी तिच्या मनात संपादक 'कुणालाही'मध्ये मोजलेच गेले नव्हते.

"तुला तुझ्या सरांनी फसवलं, म्हणून तू रडतेस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "यांना कुणी फसवलं, ते सांग."

शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही भिंतीतून ऐकू येत होता. भावोजी पुन्हा तेच वाचत होते.

"मी," धाकटी म्हणाली.

"आत वकीलबाई बसल्यात," ताई म्हणाली. "त्यांना सांग. कागद तू कधी घेतलेस, कुणाला बोललीस, सगळं. कोर्टात द्यायच्या जबाबावर सही कर. तुला पण नेतील, ते मला माहीत आहे."

तिने पुढचा शर्ट उचलला. धाकटी उठली आणि आतल्या खोलीत गेली. ताईने तिला थांबवलं नाही.