खुशालीचा फोन

दरवर्षी एक साप्ताहिक यादी छापतं, एकट्या राहणाऱ्या तरुण माणसाला कुठलं शहर किती मानवतं याची. आमचं शहर सलग तिसऱ्या वर्षी पहिलं आलं, तेव्हा ऑफिसात केक कापला आणि साहेबांनी भाषण ठोकलं. भाषण नेहमीचंच होतं, पण निकाल मला पटला होता. नऊ वर्षांत या शहराने मला एकदाही लग्नाचं विचारलं नव्हतं. इथे एका माणसापुरता पाव मिळतो, भिंतीकडे तोंड करून बसायची एका खुर्चीची टेबलं मिळतात. ताप आला तर औषध दाराशी येतं, आणणारा बेल वाजवून निघून जातो, सुजलेलं तोंड कुणाला दाखवावं लागत नाही. आमच्या गावात ताप आला की आधी सोळा माणसं येतात आणि मग औषध. मला विचाराल तर आपण भले आणि आपलं काम भलं, हे फक्त मोठ्या शहरातच जमतं.

माझं पोट त्याच एकटेपणावर चालतं. आमची कंपनी एकट्यांना खोल्या भाड्याने देते. प्रत्येक खोलीत भिंतीवर कंपनीचा एक फोन असतो. रोज सकाळी सात ते नऊ, माणसं कामाला निघायच्या आत, आम्ही सहाजणी यादी घेऊन बसतो आणि खोली-खोलीला फोन लावतो. तीन प्रश्न ठरलेले. झोप लागली का, काही दुखतंय का, काही हवंय का? उत्तरं आली की नावापुढे हिरवी खूण. दोन दिवस कुणी फोन उचलला नाही तर लाल खूण, मग चावीवाले काका जाऊन दार उघडतात. भाडेकरूंच्या आईवडिलांना ही सोय फार आवडते. त्यासाठी ते महिन्याला वेगळे पैसेही भरतात.

आम्हीही कंपनीच्याच खोल्यांत राहतो, म्हणून आमचीही नावं यादीत असतात. आता सकाळी सातला मी ऑफिसात, तर खोलीत फोन कोण उचलणार? पण नियम म्हणजे नियम. मग आम्ही एक पद्धत पाडली होती. जिच्या यादीत जिचं नाव, तिने शेजारी बघायचं आणि खूण करून टाकायची. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझं नाव शेजारी बसणारीच्या यादीत होतं; तिला आम्ही बडबडी म्हणायचो. ती माझ्याकडे न बघताच खूण करायची, आणि मीही तिला कधी ‘बघ तरी’ म्हणाले नाही.

एका सोमवारी बडबडी दाढ काढायला गेली आणि तिची यादी नव्या बाईकडे आली. तिला येऊन चारच दिवस झाले होते, पण पेन्सिलींना रोज टोक करते म्हणून आम्ही तिचं नाव काटेकोर ठेवलं होतं. आमची पद्धत तिला कुणी सांगितलीच नव्हती. आठच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, चेहरा गोंधळलेला.

“चारशे बारा तुझीच खोली ना?” तिने विचारलं. “आत्ता फोन केला मी. सगळं ठीक आहे म्हणाली.”

“कोण म्हणाली?”

“तू. आवाज तुझाच होता. मला वाटलं, आज तू घरीच आहेस.”

मी हसले. नंबर चुकला असेल म्हणाले, नव्या माणसाला सगळेच आवाज सारखे वाटतात म्हणाले. ती गेल्यावर मी स्वतःच्या खोलीचा नंबर फिरवला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच फिरवत होते. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

हॅलो म्हणणारा आवाज माझा होता. फक्त पुरती झोप झालेल्या माणसाचा होता. मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस सवयीचंच करतो तसे तीनही प्रश्न विचारून मोकळी झाले. झोप छान लागली, काही दुखत नाही, काही नको. मग ती म्हणाली, “तू कशी आहेस?” हजारो फोन केले असतील मी, पण उलट असं मला आजवर एकाही खोलीने विचारलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

दुपारी खोलीवर गेले तर कुलूप जसंच्या तसं. आत चिटपाखरू नव्हतं. पण ज्या खुर्चीवर माझे आठवड्याचे कपडे पडलेले असतात ती फोनखाली सरकवलेली होती, आणि कपड्यांच्या घड्या घालून पलंगावर ठेवल्या होत्या, बाह्या आत दुमडून. तशा घड्या फक्त आई घालते. मी दार उघडं ठेवून जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी चावीवाल्या काकांना गाठलं. माणूस नाकासमोर चालणारा, बावीस वर्षं दारं उघडतोय, कुणाविषयी वावगा शब्द नाही. मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तीनशे सहाचा मुलगा आठवतो का म्हणून विचारलं.

आठवत होता. तो खोलीत मेलेला सापडला तेव्हा त्याला जाऊन अठरा दिवस झाले होते आणि यादीत अठराही दिवस हिरवी खूण होती. फोन न करताच खुणा केल्या म्हणून आमच्यातल्या एकीची नोकरी गेली होती. ती रडून रडून सांगत होती की तो रोज बोलत होता. आमच्यापैकी कुणीच विश्वास ठेवला नाही. आपण काय करतो ते आपल्याला माहीत होतं ना.

“खरं बोलत होती पोर,” काका म्हणाले. “मी आत उभा होतो तेव्हा तो फोन वाजला. दोनदा वाजला आणि थांबला. मी हातही लावला नव्हता. तो पलंगावर तसाच पडलेला. खाली येऊन बघतो तर तिच्या यादीत नुकतीच हिरवी खूण झालेली.”

मग त्याचं कळलं कसं, असं मी विचारलं. काका म्हणाले, त्याची बहीण आली होती. भाऊ फोनवर हल्ली फार शहाण्यासारखा बोलतो, कधी नव्हे ते भांडत नाही, म्हणून तिला शंका आली.

“तुला आहे का असं कुणी?” त्यांनी विचारलं. “आवाज ऐकून ही ती नव्हे म्हणणारं?”

मला राग आला. असा प्रश्न कुणी विचारतं का? पण खरं सांगायचं तर मी उत्तर शोधत होते. शहरात असं कुणीच नव्हतं, आणि ते मला इतकी वर्षं सुखाचं वाटलं होतं. मी खोलीत मरून पडले असते, तरी चारशे बाराची खूण हिरवीच राहिली असती. उरली आई. तिला मी महिन्यातून एकदा फोन करायचे. दहा मिनिटं बोलायचो, त्यातली आठ भांडणात जायची. त्या भांडणांवरच आता माझा भरवसा होता. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. बुधवारी पहाटेची पहिली बस पकडली, सहा तासांचा रस्ता, कुणालाही न कळवता.

आई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे दुमडत बसली होती. फोन हाताशी, खिडकीत. ती दचकली नाही. तिने मला आपादमस्तक पाहिलं.

“आलीस,” ती म्हणाली. “तू खरी दिसतेस.”

मी दारातच बसले. “म्हणजे तुला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. तू कधी मला वाक्य पुरं करू देतेस का? ती ऐकून घेते.”

“आणि तरी तू तिच्याशी बोलतेस?”

आईने दोरा दाताने तोडला. “तू महिन्यातून एकदा करतेस, तोही घड्याळाकडे बघत. ती रोज करते. मलाही कुणी विचारणारं नको का गं?”

कानामागून आली आणि तिखट झाली! मी इतकी चिडले की मला भीतीचा विसर पडला. तोंडाला येईल ते बोलले. ती कोण, कुठली, तिचा इथे काय संबंध, इथपासून ते मी मेले असते तर तुला पत्ता तरी लागला असता का, इथपर्यंत. आईने मशीन थांबवलं.

“रोज विचारते मी तिला,” ती म्हणाली. “माझी कुठे आहे, कशी आहे. ती सांगते, कामावर गेलीय, दमलीय, जेवली नाही. काल म्हणाली, घाबरलीय. आज सकाळी म्हणाली, निघालीय, दुपारपर्यंत पोचेल. तू सांगितलं असतंस का यातलं काही?”

मी तिच्याजवळ सरकून बसले, पडद्याचं टोक मांडीवर घेतलं. बऱ्याच वर्षांनी तिच्या इतक्या जवळ बसले होते. ती वाळली होती. गळ्याजवळची हाडं दिसत होती. विचारावं असं वाटलं, तेवढ्यात फोन वाजला.

आईचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

“घेऊ का?” तिने मला विचारलं. आईने याआधी कधी माझी परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही.

मीच रिसीव्हर उचलला. भांडायला सगळे शब्द तयार होते.

“आई, डॉक्टर काय म्हणाले गं?” पलीकडून माझा आवाज आला, हळू, काळजीचा. “गाठ काढायचीच का? आणि हे बघ, तिच्यापासून आता लपवू नकोस.”

मी आईकडे बघितलं. तिने मान खाली घालून पडदा सारखा करायला घेतला होता. कुठले डॉक्टर, कुठे गाठ, कधीपासून, मला काहीच माहीत नव्हतं. पलीकडून कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं. मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, खिडकीकडे वळली आणि सगळं सांगायला लागली.