दुसऱ्या मांडवातली भाजी

प्रतिक्षानं पडद्याची दोरी दातांनी ओढली, पण गाठ काही सुटेना.

"सोड ते," हिरालाल मागून म्हणाले. "मीच बांधली हाय. पाहुणे येऊन राहिले."

"आपल्याच घरी आपणच पडदा बांधाचा, बाबा?"

"तुया भावाचं लग्न हाय. लोक उपाशी गेले, तं मले गावात तोंड दाखवता येईन का? आज काही बोलू नको, बाई."

पडद्याच्या अलीकडे आई, सुमनबाई, मोहल्ल्यातल्या बायांसोबत पहाटेपासून रांधत होती. पलीकडे साकोलीहून बोलावलेल्या तुलाराम स्वयंपाक्याची चूल होती, गावातल्या इतर जातींच्या लोकांसाठी. एकोडीत बौद्धांच्या घरी लग्न असलं की असंच चालायचं. ते लोक यायचे, आहेर करायचे, वेगळ्या चुलीवरचं जेवून जायचे. आणि वर याला सलोखा म्हणायचे! प्रतिक्षाचं डोकं सणकून गेलं होतं.

त्यात आज भूपेंद्र सर येणार होते. कॉलेजात ते बी.ए.ला इतिहास शिकवत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रकरण त्यांनी आठवडाभर रंगवलं होतं. जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्याच्याच शेतावर गुलाम राबत होते, हे सांगताना सरांचा आवाज चढला होता. फळ्यावर त्यांनी भला मोठा शब्द लिहिला होता, ढोंग.

"त्याचा स्वयंपाक कोण करायचं, सर?" तिनं विचारलं होतं.

"गुलामच," सर म्हणाले होते आणि वर्ग हसला होता.

तिला हसू आलं नव्हतं. म्हणजे ते गोरे निदान गुलामांच्या हातचं खात तरी होते. तिच्या आजीच्या हातचं पाणीसुद्धा या गावात कोणी घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं स्वतःशी पैज लावली होती, की एकटे सर तरी आईच्या पंगतीत बसतील.

सर आले. नवरदेवाला, संघपालला, त्यांनी पुस्तक दिलं, समतेवर चार शब्द बोलले. टाळ्या पडल्या. मग हिरालाल हात जोडून म्हणाले, "सर, तुमची सोय तिकडं केली हाय."

सर पलीकडे गेले. पडद्यापाशी क्षणभरही थांबले नाहीत.

प्रतिक्षा तिथंच उभी राहिली. तिला रडायचं नव्हतं, तिला काहीतरी फोडायचं होतं. तेवढ्यात पडदा हलला आणि तुलारामनं रिकामी बादली तिच्या पायाशी सरकवली.

"वांग्याची भाजी संपली," तो हळूच म्हणाला. "तुया मायच्या चुलीवरच्या गंजातली आण. दर लग्नात असंच होते. कोणी इचारत नाही, मी सांगत नाही."

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिनं बादली काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात न देता स्वतःच पलीकडे वाढायला गेली.

"वा!" सर बोटं चाटत म्हणाले. "आधीच्यापेक्षा ही मस्त आहे. वाढ अजून."

"आईच्या हातची आहे, सर," ती वाकून वाढता वाढता म्हणाली. "मीच आणली."

सरांचा हात ताटावरच थांबला. त्यांनी डावीकडे पाहिलं, तिथं पोलीसपाटील तेजराम बुंदीत गुंतले होते. उजवीकडे पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं.

"हळू बोल," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास तोंडात घातला.

पडद्याजवळ हिरालाल उभे होते. तिच्याकडे बघून ते मान हलवत होते, नको, नको. तिनं बादली पंगतीच्या मधोमध ठेवली आणि कमरेला पदर खोचला.

"माया मायच्या चुलीवरची भाजी हाय," ती शेवटच्या ताटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरायले लय आवडली. आणखी कोणाले वाढू?"