पळसाच्या पानांचा ललित

माझा धाकटा भाऊ ललित नौदलात होता. रात्रीच्या सरावात त्याचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. बरोबरच्या दोघांचे मृतदेह मिळाले, ललितचा मिळाला नाही. शोध थांबवल्याचा फोन आला तेव्हा आमचे वडील, आण्णा, मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडत होते. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं साहेब" म्हटलं आणि राहिलेली ओळ पुरी केली. फुलं काही कोणासाठी थांबत नाहीत.

मग घरी माणसांची रीघ लागली. ज्यांनी आमच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता, तेही ललितच्या तसबिरीशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. चहा करून करून मी इतकी दमले की रडायचंही जिवावर यायचं.

भागुआत्याने तर धोशाच लावला. "देह गावला नाय तर पळसाच्या पानांचा करून अग्नी द्यायचा असतो. त्र्यंबकला चला. पोराला असं अधांतरी किती दिस ठेवायचं?"

ललितची बायको सृष्टी ऐकेना. "पानं जाळली की मग मी वाट कुणाची बघू, आण्णा?"

 शेवटी आण्णा म्हणाले, "पोरी, मी लय थकलो."

"मग उरकून घ्या तुमचं," ती म्हणाली. खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. वाट काय मला बघायची नव्हती?

त्र्यंबकला ती आली, पण टेम्पोतून उतरली नाही. नदीकाठी गुरुजींनी दर्भ अंथरला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि आण्णांना एकेक पान मांडायला सांगितलं. आण्णांचा जन्म फुलं हाताळण्यात गेला, पण इथे त्यांच्याच्याने पान धरवेना. छाती झाली, हात झाले, पाय झाले. गुरुजींनी पांढरं कापड उचललं.

"थांबा."

सृष्टी कधी उतरून आली कळलंच नाही. ती पायांशी बसली आणि उरलेली पानं तिने पुढ्यात ओढली.

"पाय आखूड झालेत, आण्णा. झोपले की गोधडीबाहेर यायचे त्यांचे पाय."

"पानं मोजून लावायची असतात, बाई," गुरुजी म्हणाले.

"लावू द्या तिला!" भागुआत्या त्यांच्यावर खेकसली.

सृष्टीने सावकाश पानं लावली. मग कापड घेऊन ते पावलांवरून नीट ओढलं, आणि आण्णांकडे न बघता म्हणाली, "द्या आता अग्नी."