वोयिन काय म्हणाला

आमच्या नोवी साद शहराच्या मॅरेथॉनमध्ये मी सहा वर्षं धावले आणि सहाही वर्षं चार तासांच्या आत यायचं राहून गेलं. एकदा तीन मिनिटांनी, एकदा अकरा, आणि एकदा पोट बिघडलं म्हणून चांगल्या पस्तीस मिनिटांनी. सातव्या वर्षी जमलं. तीन तास एकोणसाठ मिनिटं बावीस सेकंद. निकालाच्या यादीत माझं नाव आहे, सेंका, वय सत्तेचाळीस. कुणीही बघून घ्यावं. त्याच यादीत अगदी खाली, ज्यांची शर्यत पुरी झाली नाही त्यांच्यात, वोयिनचं नाव आहे.

मला धावायला लावलं ते वोयिननेच. घटस्फोटानंतरच्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी डॅन्यूबच्या काठावर एका बाकावर बसून सिगारेटी ओढायचे. एक उंच, काटकुळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस समोरून धावत जायचा आणि धावत परत यायचा. आठवडाभर काही बोलला नाही. मग एक दिवस थांबला आणि म्हणाला, "बाई, ओढायच्याच असतील तर चालता चालता ओढा की. त्या बाकाला तरी जरा मोकळीक." मला इतका राग आला की मी उठून चालायला लागले. वसंतापर्यंत मी पाच किलोमीटर पळत होते.

तो केबलच्या कारखान्यात फिटर होता, नंतर निवृत्त झाला. आमचा चौघांचा कंपू होता. नदीकाठी पळायचो म्हणून लोक आम्हाला बदकं म्हणायचे. वोयिन, मी, तिहोमिर आणि बोरको. तिहोमिर बेकरीवाला, पोट सुटलेला, तोंडाने अखंड चालू. तो वोयिनचा कुम होता, म्हणजे वोयिनच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन उभा राहिलेला. आमच्याकडे कुम म्हणजे भावापेक्षा जवळचा. बोरको अठ्ठावीसचा, कॉम्प्युटरवर काम करणारा, आमच्यात एकटाच खरा वेगवान. आणि ल्युबिंका, वोयिनची बायको, जी आयुष्यात एक पाऊल धावली नाही. धावणं हा रोग आहे असं तिचं मत होतं. पण दर शर्यतीला शेवटच्या कमानीपाशी ती वोयिनचं जाकीट आणि चहाचा थर्मास घेऊन उभी असायची.

त्या उन्हाळ्यात वोयिनचा वेग फार उतरला होता. "त्रेसष्ट झाली," तो म्हणायचा, "इंजिन जुनं झालं." आम्ही हसायचो. तपासून घे असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

ऑक्टोबरातला रविवार, नऊला शर्यत सुटली. हवा थंड, वारा नाही. असा दिवस सात वर्षांत एकदा मिळतो. शर्यतीचा शेवटचा भाग नदीकाठच्या रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत येतो. मध्ये केशरी शंकू मांडलेले असतात; एका बाजूने जाणारे, दुसऱ्या बाजूने येणारे. मी परतीच्या वाटेवर होते, चौतिसाव्या किलोमीटरला. घड्याळात माझ्याकडे अर्ध्या मिनिटाची शिल्लक होती, त्याहून जास्त नाही. होड्यांच्या क्लबासमोर मला पलीकडच्या बाजूला वोयिन दिसला. त्या बाजूने तो एकतिसावा किलोमीटर होता. तो धावत नव्हता. एका हाताने कठड्याला धरून उभा होता. चेहरा पिठासारखा.

त्याने मला पाहिलं, मोकळा हात वर केला आणि हाक मारली, "सेंका!"

आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं. मी ओरडले, "येते हां! कमानीपाशी भेटू!" आणि पुढे गेले.

तो हात मला हुरूप देण्यासाठी वर केलेला नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. पुढचे आठ किलोमीटर मी स्वतःला सांगत गेले: पाय आखडला असेल, वाटेत स्वयंसेवक आहेत, मागून तिहोमिर येतोच आहे.

कमानीतून आत आले तेव्हा मी रडत होते, आनंदाने. ल्युबिंकाने मला मिठी मारली. "झालं एकदाचं तुझं! आता तरी माणसात ये." मग तिने फोन दाखवला. फोनवर शर्यतीचा नकाशा होता आणि त्यावर वोयिनच्या नावाचा निळा ठिपका. "हा बघ माझा म्हातारा. साडेअडतीसला आलाय."

ठिपका हळूहळू पुढे सरकत होता. मला केवढं बरं वाटलं, काय सांगू. हलतोय म्हणजे पळतोय. म्हणजे नुसता पाय आखडला होता. मी तिला कठड्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे, गार पडाल," ती म्हणाली. "मी घेऊन येते त्याला."

कमानीपासून शंभर पावलांवर नदीकाठची एक खाणावळ आहे. दरवर्षी शर्यतीनंतर आम्ही तिथे माशांचा लाल रस्सा घेतो आणि प्रत्येकाने आपली शर्यत पहिल्यापासून सांगायची, मध्ये कुणी तोडायचं नाही, असा रिवाज आहे. बोरको आधीच बसला होता, मांडीवर टॉवेल टाकून. तीन तास सोळा मिनिटं, आणि तोंड पाडलेलं.

"तीन-पंधरा एका मिनिटाने हुकलं," तो म्हणाला. "अडतिसाव्याला पायातलं सगळं संपलं, भिंतच आली समोर."

"मेल्या, तीन-सोळाला रडतोस? मी आज राणी आहे राणी!" मी राकिया, आमची फळांची दारू, मागवली. आम्ही पेले वाजवले. मी त्याला माझी शर्यत सांगितली, एकेक किलोमीटर. चौतिसावा मात्र मी गाळला.

एक वाजून बावीस मिनिटांनी ल्युबिंका टेबलाशी आली. जाकीट अजून हातावरच होतं. "अगं, फोन म्हणतोय तो पोचला. पण मला काही दिसला नाही. तुमच्याकडे आला का?"

बोरकोने तिच्या हातातून फोन घेतला, काहीतरी दाबलं. "काकू, काका तिसाव्या किलोमीटरच्या, वेळ नोंदवणाऱ्या पट्टीवरून गेलेत. त्याच्यापुढे पस्तीसची नोंद नाही."

"पण ठिपका तर येत होता."

"ठिपका खरा नसतो काकू. शेवटच्या पट्टीपर्यंत माणूस ज्या वेगाने आला, त्याच वेगाने फोन त्याला पुढे पळवत राहतो. अंदाजाने."

ल्युबिंका फोनकडे बघत राहिली. मग आमच्याकडे. "म्हणजे तिसापासून इथपर्यंत मी कुणाला बघत होते?"

मग मी बोलले. "मला भेटला होता तो. पलीकडून. पाय आखडला होता त्याचा. चालत येत असेल."

"भेटला? मग बोलली का नाहीस? काही म्हणाला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या गळ्यात पदक होतं, हातात पेला. मी म्हटलं, "जा म्हणाला. म्हणाला, थांबू नकोस, तुझे चार तास जातील."

ल्युबिंकाचा चेहरा सैल झाला. ती खुर्चीवर बसली, हसलीसुद्धा. "तसाच आहे तो. स्वतः लंगडेल, पण दुसऱ्याला पळवेल." तिने वेटरला बोलावून आणखी एक रस्सा सांगितला, वोयिनसाठी, तिखट जास्त.

वीसेक मिनिटांनी तिहोमिर आला, भिंतीला धरत, तोंडाने तोफखाना. "चार-एक्केचाळीस! माझ्या मागे अजून साठ माणसं होती, मोजून ठेवलीयत मी. सरका, मला बसू द्या, एकदा बसलो की ख्रिसमसलाच उठेन." रिवाजाप्रमाणे त्याने आपली शर्यत सुरू केली, आणि आम्हीही रिवाजाप्रमाणे मध्ये बोललो नाही. वोयिन कुठाय हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. त्याला वाटलं, गेला असेल हात धुवायला.

"तिसापर्यंत देवासारखा पळालो. एकतीसला मेलोच होतो. तिथे होड्यांच्या क्लबासमोर ॲम्ब्युलन्स उभी. कुणीतरी आडवा पडलेला, पायांवर तो चंदेरी कागद, दोघंजण छाती दाबतायत. म्हटलं, देवा, हा माझ्या वाट्याचा पडला वाटतं. छातीवर क्रॉस केला आणि त्या निमित्ताने शंभर पावलं चालून घेतलं. पोरगं असेल कुणीतरी, दम नसताना सुटलेलं..."

तो बोलत होता आणि मी टेबलाची कड धरून बसले होते. ल्युबिंका त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"सेंका," ती म्हणाली, "तुला तो कुठे भेटला?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. बोरको उठला होता, फोन कानाला लावून, आयोजकांना वोयिनचा नंबर सांगत होता. चारशे अठरा. हो. हो, बायको इथेच आहे. कुठल्या इस्पितळात?

रस्ते शर्यतीसाठी बंद होते. आम्ही निम्मी वाट चालत गेलो, घामेजलेल्या कपड्यांत, लोक वाटेत आमचं अभिनंदन करत होते. इस्पितळाच्या बोळात तिहोमिरचं पदक पावलागणिक वाजायला लागलं, तेव्हा त्याने ते काढून खिशात कोंबलं.

वोयिन बारा चाळीसलाच गेला होता. निळा ठिपका तेव्हा कुठे पस्तिसाव्याच्या पुढे सरकत असेल.

"आम्ही तासाभरापासून फोन करतोय," डॉक्टर म्हणाली. तरुण मुलगी होती. "छातीवरच्या नंबराच्या मागे त्यांनी घरचा फोन लिहिला होता."

"घरी कोण असणार?" ल्युबिंका म्हणाली. "मी तर त्याच्यासाठी कमानीपाशी उभी होते."

ती आत गेल्यावर मी डॉक्टरला गाठलं. विचारलं, पाच-सात मिनिटं आधी कुणी थांबलं असतं तर?

"तुम्ही नात्यातल्या?"

"नाही."

"सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता."

"आणि कदाचित?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "कदाचित पडलाही असता. बसा तुम्ही बाई, ओठ पांढरे पडलेत तुमचे."

दफनाला निम्मा कारखाना आला होता. मी मागे उभी होते. ल्युबिंकाने मला ओढून पुढे नेलं आणि आपल्या मुलीला, जी व्हिएन्नाहून आली होती, सांगितलं, "हिच्याशी तो शेवटचं बोलला. म्हणाला, जा, थांबू नकोस." मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. मग तेच वाक्य बहिणीला, शेजाऱ्यांना, पाद्रीबाबांना. पाद्रीबाबांनी ते प्रवचनातही घेतलं: स्वतःच्या वेदनेतही ज्याने दुसऱ्याला वाट करून दिली. लोक माना डोलवत होते. माझ्या हातात उकडलेल्या गोड गव्हाची वाटी होती, त्याच्या आत्म्यासाठी खायची. मी ती तशीच खाली ठेवली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी पहाटे तिहोमिरच्या बेकरीत गेले. तो कणीक तिंबत होता. मी त्याला सगळं सांगितलं. हात वर केला होता, नावाने हाक मारली होती, आणि जा असं काही तो म्हणालाच नव्हता.

तिहोमिरने कणकेला आणखी दोन बुक्क्या मारल्या. मग म्हणाला, "मी तर त्याच्या उशापासून तीन पावलांवरून गेलो. माझा कुम. आणि मी खूश झालो की चालायला निमित्त मिळालं." त्याने पिठाचे हात पुसले. "तू काय करशील, जाऊन सांगशील तिला?"

"सांगायला हवं."

"गप्प बस, सेंका. तिच्याकडे आता तेवढंच आहे. तेही काढून घ्यायचं असेल तर जा. माझ्या दुकानातून मात्र जाऊ नकोस, दुसरीकडून जा."

मी गेले नाही. धावणं सुटलं. पहिल्या महिन्यात बोरकोने दोनदा बोलावलं, मग त्यानेही बोलावणं सोडलं. तो आता एकटाच दुसऱ्या काठाने पळतो म्हणतात. वसंतात कुणीतरी वोयिनच्या स्मरणार्थ दौड ठेवली. शंभर लोकांच्या पाठीवर छापलं होतं: जा, थांबू नकोस. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

पण ल्युबिंका सोडत नाही. रविवारी सकाळी, ज्या वेळी आम्ही पळून परत यायचो, त्या वेळी तिचा फोन येतो. आधी हवापाण्याचं, गुडघ्यांचं, व्हिएन्नाच्या नातवाचं. मग म्हणते, "सांग ना गं परत. कसा दिसत होता?"

मी सांगते. हसत होता, मी म्हणते. पाय चोळत होता. घड्याळाकडे बोट दाखवून ओरडला.

"आणि माझ्याबद्दल काही?" मागच्या रविवारी तिने पहिल्यांदाच विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "इतक्यात कुठे बोलणार म्हणा. तुझी घाई होती."

"म्हणाला ना," मी म्हटलं. "म्हणाला, ल्युबिंकाला सांग, चहा गरम ठेव."

ती रडायला लागली. मग आभार मानले आणि फोन ठेवला.