नाकापेक्षा जड

"दांडी कसली, काडी आहे काडी! दात कोरायच्या लायकीची."

नवरा रेकॉर्ड प्लेअरवर ओणवा होऊन पुटपुटत होता आणि ती त्याच्या खांद्याशी बॅटरी धरून उजेड दाखवत होती.

"हलवू नकोस गं बॅटरी."

बॅटरी हलत नव्हती. हलत होता त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. या घरात हल्ली बऱ्याच गोष्टींची नव्हती.

दांडी म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा आर्म, ज्याच्या टोकाला सुई असते तो. लग्न झाल्यावर दोघांनी पलंगाच्या आधी हा प्लेअर घेतला होता आणि पलंग येईपर्यंत जमिनीवर चटई टाकून त्याच्यावर गाणी ऐकली होती. दांडी इतकी हलकी की जवळ शिंकलं तरी डोलायची. अशा दांडीला सुईचं कार्ट्रिजही हलकंच लागतं, मऊ सुईचं. सोबत आलेलं तसंच होतं, आणि इतकी वर्षं दोघांचा संसार बरा चालला होता. दांडीचा आणि कार्ट्रिजचा, असं म्हणायचं आहे.

मग नवऱ्याला आवाज बोथट लागायला लागला, आणि घरात कानसेन आला.

कानसेन हे तिने ठेवलेलं नाव. जुन्या यंत्रांचं दुकान होतं त्याचं. आत्ता तो सोफ्यावर ऐसपैस पसरून चहाचे भुरके मारत होता. याने आजवर तीन कार्ट्रिजं गळ्यात मारली होती. तिन्ही वजनदार, तिन्हींच्या सुया ताठ, म्हणजे निव्वळ नाकापेक्षा मोती जड. पुढचा भार सावरायला नवऱ्याने दांडीच्या शेपटाशी चक्क एक नाणं चिकटवलं होतं. त्या देखण्या दांडीची अवस्था डोक्यावर गाठोडं दिलेल्या नवरीसारखी झाली होती. तबकडी जरा वाकडी असली की सुई बेडकासारखी उड्या मारायची, आणि गाण्यातला प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चरचरायचा.

"वा! आता जरा मोकळं झालं," नवरा प्रत्येक वेळी म्हणायचा. आणि आठवड्याभरात पुन्हा बोथट.

घरात अशा मुक्या झालेल्या वस्तूंची रांगच लागली होती. दाराची बेल वाजत नाही म्हणून दोनदा बदलली. टीव्हीतले लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून टीव्ही बदलला. मुलगी फोनवर घसा फोडून बोलायची आणि शेवटी म्हणायची, "बाबा, तुमच्याकडे रेंजच नाहीये." गुणाची पोर! आईसारखीच खोटारडी. कारण आईचा उद्योग तर त्याहून वरचढ होता. रोज सकाळी धूळ पुसताना ती प्लेअरचं वरच्या पट्टीतला आवाज वाढवायचं बटण केसभर उजवीकडे सरकवायची. नवरा खूश व्हायचा, "आज बघ कसं खणखणीत!" म्हणायचा. पण बटणालाही शेवट असतो. ते आता टेकलं होतं.

"साहेब, मी स्पष्टच बोलतो," कानसेनने कप ठेवला. "दोष कार्ट्रिजचा नाही, आर्मचा आहे. गाडीत भरभक्कम आर्म आणलाय, आज बसवून टाकू. ही काडी मी घेऊन जातो. भंगारातही कोणी घेणार नाही, पण तुमच्यासाठी."

असं म्हणत तो उठला आणि त्याने दांडीवरून बोट फिरवलं. दुधाच्या पातेल्याकडे लक्षच नाही असं दाखवणाऱ्या मांजराची नजर तिला चांगली ओळखू येत होती. इतका वेळ दुकानदार गाढव आहे असं तिचं मत होतं. आता तेही सुधारावं लागलं. गाढव बिचारं ओझं वाहतं, हा वाहून न्यायला आला होता.

"घेऊन जा," नवरा म्हणाला.

तिने बॅटरी विझवली.

"नेण्याआधी एकदा जुनं लावते," ती म्हणाली.

"वहिनी, आता कशाला उगाच..."

"चहा हवाय का आणखी?" तिने असं विचारलं की तो खाली बसला.

शिवणाच्या बटणांच्या डब्यातून तिने जुनं कार्ट्रिज काढलं. नखाने नाणं खरवडलं. दांडीचा पुढचा तुकडा नव्या कार्ट्रिजसकट फिरवून काढला, जुन्या कार्ट्रिजचा बसवला, मागचं वजन पुढे घेतलं आणि सुई टेकवली. आवाज कर्कश फुटला, कानसेनने डोळे मिटले. तेव्हा तिने ते बटण धरलं आणि मागे, मागे, पार मधोमध आणून सोडलं.

गाणारी बाई खोलीत आली. ओळीआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. चटईवर ऐकला होता तोच. कानसेनच्या पायाचा अंगठा हलायला लागला.

"बघ!" नवरा वैतागला. "आणखीच बोथट. गोधडीखालून गातेय जशी. काय हो?"

"हो, हो... बोथटच आहे साहेब," कानसेन म्हणाला. अंगठा ताल धरूनच होता.

"खोटं बोलताना अंगठा तरी थांबवा," ती म्हणाली.

अंगठा थांबला. तिने सुई उचलली. नवरा एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. आपल्याशिवाय सगळ्यांना विनोद कळला की माणूस बघतो तसा.

"बंद का केलंस? काय म्हणालीस त्यांना?"

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. मग दुसऱ्यांदा सांगायची पाळी येऊ नये अशा बेताने, तोंडासमोर तोंड धरून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दांडी कुठे जाणार नाही. तिला काही झालेलं नाही. बेललाही झालं नव्हतं, टीव्हीलाही नाही. तुम्हाला ऐकू येत नाही हो."