दातांची दुसरी बाजू

दिपाली तरेच्या टेबलावर येणारा प्रत्येक रणगाडा बिघडूनच आलेला असे. काल्हेरच्या गोदामांच्या रांगेत मितेश पाटीलचा एक गाळा होता आणि त्या गाळ्यात परत आलेला माल तपासायचं काम तिच्याकडे होतं. मितेश परदेशातून रिमोटवर चालणारे रणगाडे मागवायचा. दीड-एक फूट लांब, खऱ्याची हुबेहूब नक्कल, लोखंडी पट्ट्यांवर चालणारे आणि उचलायला गेलं तर दळणाच्या पिशवीएवढे जड. त्यांना कोणी खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे. घेणारी माणसंही मोठीच होती. कोणी पुण्याचा डॉक्टर, कोणी नाशिकचा निवृत्त फौजी. रविवारी ते हे रणगाडे चिखलातून, दगडांवरून चालवायचे आणि थोड्याच दिवसांत खोका परत काल्हेरला यायचा. उजवी बाजू चालत नाही. करकर आवाज येतो. पट्टा सारखा उतरतो. तक्रारी याच.

दिपालीचे वडील भिवंडीत लूम दुरुस्त करायचे. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन अंजूरला आली, आणि जवळ नोकरी मिळाली ती ही. सुरुवातीला तिला वाईट वाटलं होतं. यंत्रं शिकलो आणि बसलो खेळण्यांचे खोके उघडत, असं. पण पहिल्याच आठवड्यात तिने एक गिअरबॉक्स उघडून आतलं चाक भिंगाखाली धरलं आणि ती बघतच राहिली.

बोटाच्या नखाएवढं ते चाक. त्याचा एकेक दात एका बाजूने खरवडून निघाला होता. सगळे दात एकाच दिशेने झिजलेले, जणू वाऱ्याने एकाच अंगाने खाल्लेले. आणि त्याच दातांची दुसरी बाजू अगदी कोरी होती, साच्यातून काढली तेव्हाची चमक तिच्यावर अजून तशीच.

"असं कसं?" मितेशने विचारलं होतं.

"रणगाडा पुढेच चालवतात ना सगळे. मागे कोण घेतो? पुढे जाताना दाताची एकच बाजू जोर घेते. धातू कच्चा आहे, म्हणून इतक्या लवकर खाल्ला गेला. दांडा बसतो ती भोकंसुद्धा लांबट झालीत बघ."

मितेशने भिंगातून पाहिलं, कारखान्याला फोटो पाठवले. कारखान्याने दिलगिरी कळवली आणि पुढच्या खेपेतही तीच चाकं आली.

तेव्हापासून दिपालीने एक रणगाडा वेगळा काढला. दुपारच्या सुट्टीत ती तो लाकडी उतरणीवर चढवायची, वाळूच्या ट्रेमधून न्यायची, आणि झीज कशी होत जाते ते बघायची. त्याच्या पाठीवर मोबाइल धरायचा चिमटाही तिने बसवला होता, पट्टे कसे चालतात त्याचा व्हिडिओ घ्यायला. येता-जाता मितेश विचारायचा, "मेला का?"

"नाही अजून," ती म्हणायची. त्याचा आवाज दर आठवड्याला बदलत होता आणि त्यावरून आत काय चाललंय हे तिला न उघडता कळू लागलं होतं.

दिवाळीआधीचे दिवस होते. सगळ्या रस्त्यावर ट्रकच ट्रक. जेवणं नुकतीच उरकली होती, आणि शेजारच्या गाळ्यातून असा आवाज आला की दिपालीच्या टेबलावरचे स्क्रू उडाले. एकामागून एक, काहीतरी प्रचंड कोसळत गेलं. मग दारातून पांढऱ्या धुरळ्याचा लोट बाहेर आला. त्याला साबणाचा वास होता.

त्या गाळ्यात कपडे धुण्याच्या पावडरीचे खोके छतापर्यंत रचलेले असत, लोखंडी रॅकवर. मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा धक्का एका रॅकच्या पायाला बसला होता. तो रॅक पुढच्यावर पडला, पुढचा त्याच्या पुढच्यावर. फोर्कलिफ्टवाला बाहेर आला, हमाल आले, खोकत, डोळे चोळत. एकमेकांची नावं घेऊन झाली, आणि कोणीतरी म्हणालं, "राहीबाई कुठंय?"

राहीबाई अंजूरच्याच. तीन-चार गाळ्यांत झाडू मारायच्या, रोज सकाळी दोघी एकाच रिक्षेने यायच्या. आत्ता जेवण झाल्यावर त्यांना झाडू घेऊन रॅकच्या मधल्या बोळात जाताना फोर्कलिफ्टवाल्याने पाहिलं होतं. कुठल्या बोळात, ते त्याला सांगता येईना.

अग्निशमन दलाचे लोक लवकर आले. त्यांचा अधिकारी शार्दूल कर्णिक, तरुण, शांत माणूस. त्याने सगळ्यांना गप्प केलं, हाका मारल्या, कान दिला. उत्तर आलं नाही. वाकड्यातिकड्या लोखंडाचा आणि खोक्यांचा तो ढीग मधूनच कुरकुरत होता. कापायचं यंत्र घेऊन दोन जवान उत्तरेकडे रॅकच्या एका निळ्या खांबाजवळ, तो कापून वाट करायला तयार उभे होते.

"त्या बाजूने शिरता येईल असं वाटतंय," शार्दूल म्हणाला, "पण बाई आहेत कुठे तेच माहीत नाही. काठीवरचा कॅमेरा पहिल्याच वळणावर अडकला. आत माणूस सरपटेल एवढीसुद्धा जागा नाही."

"खाली फट किती आहे?" दिपालीने विचारलं.

"असेल वीतभर."

ती धावतच आपल्या गाळ्यात गेली. मितेश तिच्या मागोमाग. तिच्या मनात काय आहे ते त्याला सांगायची गरजच पडली नाही. त्याने एक नवाकोरा खोका फोडला, बॅटरी घातली, रणगाडा दारात जमिनीवर ठेवला. मोटर गरगरली. रणगाडा जागचा हलला नाही. मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक सैल होतं, नुसतंच फिरत होतं. मितेशचा चेहरा उतरला.

"माझा घे," दिपाली म्हणाली.

"तो? त्याच्यात काय राहिलंय?"

"त्याचं काय दुखतंय ते मला माहीत आहे. नव्याचं माहीत नाही."

तिने चाचणीच्या रणगाड्याचा तोफेसकट वरचा भाग काढून टाकला. उरलं ते बुटकं धड. त्याच्या पाठीवरच्या चिमट्यात तिने आपला फोन आडवा बसवला, टॉर्च लावला, मितेशच्या फोनवर व्हिडिओ कॉल जोडला. मागच्या कडीला नायलॉनची दोरी बांधली. शार्दूलने सगळं पाहिलं, एकदाच मान डोलावली.

रणगाडा फटीत शिरला.

मितेशने फोन तिच्यापुढे धरला होता. पडद्यावर आधी नुसता पांढरा धूर दिसला. मग त्यातून आतलं जग उलगडलं. पावडर जाडजूड गालिच्यासारखी पसरलेली, वर मोडलेल्या तुळयांचं छत, फुटलेल्या खोक्यांच्या टेकड्या. काल्हेरच्या एका गाळ्याच्या फरशीवर, वीतभर उंचीच्या जागेत, कोणी कधी न पाहिलेला एक मुलूख तयार झाला होता आणि त्यातून ते धड मुंगीसारखं वाट काढत चाललं होतं. बाहेर ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, जवान, सगळे फोनभोवती गोळा झाले होते.

एका चपट्या खोक्यावर चढताना आतून आवाज आला. कट. कट. कट-कट-कट. उजवा पट्टा थांबला, डावा फिरत राहिला, रणगाडा आडवा झाला.

"संपलं?" शार्दूलने हळूच विचारलं.

"न्हाय. थांबा जरा." एरवी कामावर शहरातली मराठी बोलणारी दिपाली आता गावचं बोलत होती. तिने डोळे मिटले. उजवीकडचं दुसरं चाक. दात दातावरून उडी मारतायत. पुढे ढकलणारी बाजू पार गेली. आणि मागची?

मागची कोरी होती.

"दोरी ओढ," ती मितेशला म्हणाली. "बाहेर काढ त्याला. फोन उलटा लावायचाय."

"म्हणजे?"

"उलटा घालते आत. मागं मागं न्यायचा."

मितेशने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला ते भिंगाखालचं चाक आठवलं असावं. त्याने भराभर दोरी ओढली, फोन फिरवला, दोरी पुढच्या कडीला बांधली.

या वेळी रणगाडा पाठमोरा शिरला. रिमोटवर आता सगळंच उलटं होतं. डावीकडे वळायचं तर बोट उजवीकडे, पुढे जायचं तर दांडी मागे. दिपालीच्या कपाळावरून घाम ओघळून ओठांवर येत होता, तो पुसायला तिच्याकडे हात नव्हता. पावडरीत आधीच्या पट्ट्यांचे ठसे दिसत होते. ती त्याच ठशांवरून गेली. तो चपटा खोका आला. पट्टे घसरले, पुन्हा धरले. उजवीकडून आवाज आला, पण तो कटकट नव्हता. जड, खालच्या पट्टीतला, जोर घेतल्याचा आवाज होता. रणगाडा चढला. पलीकडे उतरला.

कोणीतरी मागे "या अल्लाह" म्हणालं. एक म्हातारा हमाल हात जोडून उभा होता.

अजून एक वळण. एका तुळईखालून जाताना चित्र गोठलं, तुटलं, परत आलं. मग उजेडात एक झाडू दिसला. झाडूच्या दांड्याजवळ एक हात, पूर्ण पांढरा, पुतळ्याचा असावा तसा. दिपालीने दांडी सोडली, रणगाडा थांबला.

त्या हाताची बोटं हलली.

"कोन हाय?" फोनमधून अगदी बारीक आवाज आला.

"काकी! काकी, मी दिपाली!"

टॉर्चच्या उजेडात राहीबाईंचा चेहरा हळूच वळला, पांढऱ्या पावडरीत दोन डोळे. त्यांनी समोरच्या त्या बुटक्या यंत्राकडे पाहिलं.

"दिपाली? तू येवढीशी कशी झालीस गं?"

बाहेर हसू फुटलं आणि त्याच हसण्यात कितीतरी माणसं रडत होती. शार्दूल मात्र हसला नव्हता. तो पडद्याजवळ वाकला होता. "कॅमेरा जरा डावीकडे घ्या. अजून. थांबा."

राहीबाईंच्या डोक्यापासून हातभर अंतरावर एक निळा खांब उभा होता, जवान पलीकडून कापायला निघाले होते तोच. फक्त तोच एक सरळ उरलेला. वरचा सगळा भार त्याच्यावर टेकला होता, आणि त्याच्या आडोशानेच त्यांच्याभोवती जागा राहिली होती.

शार्दूल सरळ झाला आणि उत्तरेकडच्या जवानांना ओरडून म्हणाला, "मशीन खाली ठेवा! त्या खांबाला कोणी हात लावायचा नाही. मागची भिंत फोडायची."

यंत्र घेऊन उभा असलेला जवान दोन पावलं मागे सरला. त्याने खांबाच्या वरच्या ढिगाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

भिंत फोडायला संध्याकाळ झाली. तोवर रणगाडा तिथेच थांबला, दिवा लावून. दिपाली बोलत राहिली. पाय दबलाय का, पाणी लवकर मिळेल, तुमची सून आलीय बाहेर, हे बघा तिचा आवाज. राहीबाई मधूनच गप्प व्हायच्या, तेव्हा ती रणगाडा थोडासा पुढेमागे हलवायची, आणि त्या पुन्हा बोलायच्या. शेवटी मागच्या भिंतीतून हात आत गेले आणि त्यांना बाहेर काढलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, घोट्यात पाय मोडलेला, पण शुद्धीवर.

दुसऱ्या दिवशी दिपालीने गिअरबॉक्स उघडला. ते दुसरं चाक तिने भिंगाखाली धरलं आणि मितेशला हाक मारली. पुढच्या बाजूला दात असा उरलाच नव्हता. आणि दुसरी बाजूही आता खाल्ली गेली होती. प्रत्येक दात कागदाच्या कडेएवढा पातळ झाला होता, उजेडाकडे धरला तर आरपार दिसेल असं वाटावं.

"यावर चालला?" मितेशने विचारलं.

"यावरच."

मितेशने त्या खेपेचा सगळा माल विकणं थांबवलं आणि घेतलेल्यांना स्वतः फोन करून खोके परत मागवले. कारखान्याची वाट न बघता भिवंडीतल्या एका वर्कशॉपमध्ये पोलादी चाकं करून घ्यायचं ठरलं, आणि त्यांची मापं दिपालीने काढली.

राहीबाई घरी आल्यावर ती रणगाडा घेऊन अंजूरला गेली. त्या ओटीवर प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून बसल्या होत्या, आजूबाजूच्या बायाही जमल्या होत्या. दिपालीने अंगणाच्या टोकाला रणगाडा ठेवला आणि त्यांच्याकडे आणला. नव्या चाकांवर तो गुळगुळीत आला, आवाज जवळजवळ नाहीच.

राहीबाईंनी कान देऊन ऐकलं. मग मान हलवली.

"यो तो न्हाय."

"तोच आहे काकी. हा बघा चिमटा."

"न्हाय गं. त्याचा आवाज मी वळखते. मना काय दिसत नव्हता, सगला सफेद. पयला आवाजच आयकला. घरघर, घरघर. कोन तरी दमून दमून माझ्याकरं येतंय, असा." त्या थांबल्या. "मी त्याला मनातल्या मनात म्हनाले, ये रं, हलू हलू ये."

दिपालीने रिमोट ओटीच्या कडेवर ठेवला. बाहेर ती दांड्या उलट्या फिरवत होती, घामाने निथळत होती, तेव्हा आत, त्या पांढऱ्या अंधारात, पाय मोडलेली ही बाई त्या यंत्राला धीर देत होती.

"आत चाकं नवी घातलीत," ती म्हणाली. "म्हणून आवाज गेला."

"आनि जुनी?"

दिपालीने पिशवीतून कागदाची पुडी काढली. राहीबाईंनी ते नखाएवढं चाक तळहातावर घेतलं, अंगठ्याने त्याची कड हळूच चाचपली. मग शेजारच्या बाईला दाखवलं, तिने पुढच्या बाईला. चाक हातोहाती फिरत राहिलं.